इंजिन किल्लीनेच लागलं पाहिजे

विमानाचा पंखा हार्लनच्या टोपीचा पुढचा कोपरा घेऊन गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी आम्ही शेजारच्या गावच्या विमानतळावर पॅनकेकच्या न्याहारीला गेलो होतो. विमानतळ म्हणजे काय, तर गवताची पट्टी, दोन हँगर आणि एक कॉफीची टाकी. परत निघताना आमचं विमान नेहमीप्रमाणे अडून बसलं. इंजिन गार असलं की ते कसंबसं किल्लीने लागतं. तापलेलं असताना बंद केलं, की मग स्टार्टर नुसता कण्हतो, पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. अशा वेळी माझा नवरा खाली उतरतो, पंख्यासमोर उभा राहतो आणि हाताने पंखा ओढून इंजिन चालू करतो. आमच्या नॉर्थ डाकोटात याचं कुणाला काही वाटत नाही. उलट हाताने पंखा मारणारा तो खरा गडी, असा समज आहे. त्या दिवशी गवत ओलं होतं. इंजिन लागलं त्याच क्षणी हार्लनचा पाय घसरला आणि तो पुढे झुकला. मग मागे पडला. पडला म्हणूनच वाचला.

उठून त्याने फाटकी टोपी उंच धरली आणि नाटकातल्यासारखा वाकून नमस्कार केला. टाळ्या त्यालाच. मी आत ब्रेक दाबून बसले होते. आम्ही घरी पोचलो. हँगरचं दार लावलं आणि मग म्हणाले, "हार्लन ब्रेक्के, यापुढे तू त्या पंख्यासमोर उभा राहायचं नाहीस."

"मग उडणार कशी?"

"किल्लीने."

"किल्लीने! किल्ली ऐकते होय तुझं? मी तरी ऐकतो का?"

"तुझं नंतर बघते. आधी विमान."

हे विमान आमच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी घेतलेलं. चार माणसांचं, एकच इंजिन, आणि दार एकच, तेही उजव्या बाजूला. हार्लन ते चालवायचा आणि मी शेजारी बसून त्याच्या चुका काढायचे. मग त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगून टाकलं, आता चालवणं बंद. माझ्याकडे लायसन्स होतंच. जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे कुठलंही चाक हातात आलं की मी घाबरत नाही. मी डाव्या खुर्चीत गेले, तो उजव्या. स्टार्टरचा त्रास त्यानंतर वाढत गेला. आम्ही बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला, मग पुन्हा बॅटरी. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा सगळा कारभार.

दुसऱ्या दिवशी मी ड्वेनला फोन लावला. ड्वेन ओस्टबी हा आमच्या भागातला विमानांचा मेकॅनिक. लहानपणी माझ्याच बसमधून शाळेत जायचा, म्हणून चाळिशी उलटली तरी मला अजून मिसेस ब्रेक्के म्हणतो.

"केबल, मिसेस ब्रेक्के," तो म्हणाला. "तुमची बॅटरी आहे मागच्या खुर्चीच्या पाठीमागे आणि स्टार्टर पार पुढे नाकात. मधली केबल ॲल्युमिनियमची, विमानाइतकीच जुनी. तिची टोकं कुजली असणार. बॅटरीतून वीज निघते धडधाकट आणि पुढे पोचेपर्यंत अर्धमेली होते. तांब्याची जाड केबल टाका."

"मग ये आणि टाक."

"फवारणीचा हंगाम आहे. शेतांवरून फिरणाऱ्या विमानांनी माझा जीव खाल्लाय. तुम्हीच टाका. मी अधूनमधून येऊन बघेन, शेवटी तपासेन, सही करेन. कायद्याला चालतं."

"मी?"

"हिमवादळात बसचं चाक कोणी बदललं होतं? आम्ही सगळे आत बसून सूर्यफुलाच्या बिया खात होतो."

मी कंबर कसली. हार्लनने घडीची खुर्ची आणली, हँगरच्या दारात उन्हाला मांडली आणि फाटकी टोपी घालून बसला. ती टोपी त्याला आता मेडलसारखी वाटत होती. मी आधी बॅटरीची ऋण तार सोडवली, कारण ती जोडलेली असताना पाना चुकून कुठे टेकला तर ठिणगी उडते. मग खुर्च्या काढल्या, गालिचा काढला, खालचे पत्रे काढले. एका पत्र्याखाली उंदराचं भलंमोठं घरटं निघालं. त्यात माझ्या हरवलेल्या हातमोज्याची लोकर होती.

"डॉक्टरीणबाई," दारातून आवाज आला, "पोट तर फाडलंत. शिवणार कोण?"

"तुझं तोंड शिवून झालं की हेही शिवते."

जुन्या केबलचं टोक हातात आलं तेव्हा मला आनंदच झाला. त्यावर पांढरी भुकटी धरली होती आणि बोटाने ढकललं तर ते चक्क हललं. हा घट्ट बसवलेला जोड, आणि तो हलत होता! मी ते टोक घेऊन हार्लनकडे गेले. "हे बघ. हेच ते."

त्याने बघितलं. "असेल," म्हणाला, आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली.

मला वाटलं होतं की तो उडी मारून उठेल. या माणसाने ट्रॅक्टरचं इंजिन स्वयंपाकघराच्या टेबलावर खोललेलं मी पाहिलंय. कुठे काही बिघडलं की त्याच्या अंगात येतं. आणि इथे दोष सापडला तर नुसतं 'असेल'? पण तेव्हा मी कामाच्या तंद्रीत होते. राग आला, तो गिळला आणि परत आत शिरले.

नवी केबल ओढायची रीत अशी की ती जुनीच्या मागच्या टोकाला दोरीने बांधायची आणि जुनी पुढून ओढत जायची, म्हणजे नवी तिच्या मागोमाग विमानाच्या तळातून सरकत येते. एकाने पुढून ओढायचं, एकाने मागून सोडायचं. काम दोघांचं.

"हार्लन, पुढे ये. जरा ओढ."

"कॉफी संपली. आणतो," असं म्हणून तो गाडी घेऊन गेला, आणि दुपारभर कॉफी आणत राहिला.

मग मी एकटीनेच केलं. मागे शेपटीच्या भोकात कमरेपर्यंत शिरून केबल थोडी ढकलायची, उलटं सरपटत बाहेर यायचं, दारातून उतरून, पंखाला वळसा घालून पुढे जायचं, थोडी ओढायची. तांबं जड. प्रत्येक आडव्या पट्टीला ती अडत होती. बाळंतपणं याहून सोपी गेली होती माझी. एकदा तर ती अशी रुतली की मी पाना भिंतीवर फेकून मारला आणि पाद्रीबुवांनी ऐकू नये ते सगळं बोलले. मग पाना उचलून आणला आणि पुन्हा शिरले. ही बया एक तर पुढे जाईल, नाही तर मी तरी इथेच अडकून राहीन, असं ठरवूनच शिरले, आणि ती गेली. शेपटीकडे जाणाऱ्या सुकाणूच्या पोलादी दोऱ्यांना ती कुठे घासू नये म्हणून जागोजाग पट्ट्यांनी आवळली. ड्वेन एका सकाळी येऊन त्याच्या मोठ्या दाबयंत्राने टोकांना बोल्टसाठी भोक असलेले तांब्याचे लग बसवून गेला. इंजिनजवळचे जोड मी त्याच्यासमोर घट्ट केले.

शेवटच्या तपासणीला ड्वेन आला तेव्हा हार्लन खुर्चीतच होता. ड्वेन विजेरी घेऊन बॅटरीच्या कप्प्यात डोकावला आणि हसायलाच लागला.

"मिसेस ब्रेक्के, केबल झकास. पण ऋण तारेचा बोल्ट रंगावर बसवलाय की!"

बॅटरीची वीज परत येते ती विमानाच्या धातूच्या अंगातूनच. त्यासाठी बोल्टखाली उघडा धातू लागतो. आमच्या कप्प्याला मात्र आतून सुंदर मलईरंग होता. तो हार्लनचा. आमच्याकडचे पुरुष चर्चला निघताना बूट पुसणार नाहीत, पण विमानाचं जे कोणी कधी बघणार नाही तेही रंगवून ठेवतील. बोल्ट काढून, खाली रंग मारून, वाळवून, वर पुन्हा बोल्ट बसवला होता त्याने. मी काचपेपर घेतला आणि खरवडायला लागले.

"मिस्टर ब्रेक्के, मी म्हटलं नव्हतं?" ड्वेन मजेत म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी, तुम्ही रंग दिलात तेव्हाच. म्हटलं केबल बदला आणि बोल्टखालचा रंग खरवडा, स्टार्टर गाणं म्हणेल."

माझा हात थांबला. हार्लन कपात बघत राहिला. ड्वेनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. उरलेली तपासणी त्याने खाली मान घालून केली, सही ठोकली, फवारणीचं काहीतरी पुटपुटला आणि पळाला.

"दोन वर्षं तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"होतं."

"बॅटरी बदलली तेव्हा माहीत होतं? स्टार्टर बदलला तेव्हा?"

"होतं म्हटलं ना!"

"आणि रविवारी तुझं डोकं जाता जाता राहिलं तेव्हाही?"

तो खुर्चीतून उठला. फार दिवसांनी मी त्याला ओरडताना ऐकलं. "रेडिओवर तू बोलतेस! नकाशा तू बघतेस! चाकं तू टेकवतेस, आणि माझ्यापेक्षा बरी टेकवतेस, हे गावभर सांगतात लोक! माझ्याकडे तेवढा पंखा राहिला होता, लोर्ना. तो ओढला की हे धूड जागं व्हायचं. माझ्या हाताने. ते किल्लीने लागलं की मी कोण? मागच्या कप्प्यातलं सामान?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "आणि पंख्याने तुला उभा चिरला असता तर मी काय करणार होते? टोपी पुरायची?"

मला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती. पण कीव आली म्हणून कुणी बोल्ट रंगावर ठेवत नाही. मी खरवडत राहिले. खालचा धातू आरशासारखा झाला तेव्हा बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर विमान बाहेर काढलं. हार्लन म्हणाला, मी नाही येत. मी एकटीच गेले, गावावरून, सूर्यफुलांच्या शेतांवरून भरपूर घिरट्या घातल्या, इंजिन चांगलं तापवलं, उतरले आणि हँगरसमोर येऊन मुद्दाम बंद केलं. तापलेलं इंजिन लगेच किल्लीने लावून बघायला म्हणून मी इतक्या महिन्यांत कधी बंद केलं नव्हतं.

आवाज थांबला तसा हार्लन चालत आला आणि सवयीने थेट पंख्यासमोर उभा राहिला. त्याने पात्यावर हात ठेवला.

मी पट्टा सोडला, उजवं दार उघडून बाहेर वाकले. "बाजूला हो."

"एकदाच, लोर्ना. शेवटचं."

मी परत खुर्चीत बसले. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. तो विनवत होता. हा माणूस कधी कुणाला विनवत नाही. मी 'बरं' म्हणाले असते तर त्याने फार सुरेख पंखा मारला असता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा शेवटचं एकदा.

आमच्याकडे पंख्याजवळ कुणी असलं की किल्ली काढून समोरच्या काचेपाशी ठेवतात, म्हणजे बाहेरच्याला ती दिसते आणि कळतं, आता इंजिन लागणार नाही. मी किल्ली काढली आणि तिथे ठेवली. मग हाताची घडी घालून बसले.

"मी इथेच बसणार आहे," मी ओरडून सांगितलं. "जेवणही इथेच पाठव. तुझ्याशिवाय मी जात नाही, आणि तू तिथे असताना इंजिन लावत नाही. बघ काय ते."

तो पात्याला हात लावून उभा राहिला. मी अजिबात हलले नाही. हट्टात मी त्याला कधी हार गेलेली नाही, आणि त्या दिवशी तर जाणारच नव्हते. इंजिन गार होत टिकटिकत होतं. शेवटी त्याने हात खाली घेतला, पंखाच्या मागून लांब वळसा घातला, वर चढला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. दार त्याने ओढून घेतलं. धापा टाकत होता.

मी किल्लीकडे हात नेला नाही. "तू लाव," म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काचेपाशी ठेवलेली किल्ली उचलली, माझ्या गुडघ्यांवरून हात पलीकडे नेऊन ती बसवली आणि पुढे कुणी नाही ना, हे दोनदा बघून फिरवली. इंजिन लगेच लागलं. पंखा अडखळलाही नाही.

त्याचा हात किल्लीवरच राहिला. डोळे भरले होते, पुसायचं त्याने मनावर घेतलं नाही.

"बरं लागलं," तो म्हणाला. आणि मग, पूर्वी डाव्या खुर्चीतून माझ्यावर ओरडायचा अगदी तसा ओरडला, "पट्टा बांध, म्हातारे! कुणी शिकवलं तुला विमान चालवायला?"

मी पट्टा बांधला.