कोळंब्यांचा पुढचा मुक्काम

२१४

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईने डोळ्याला भिंग लावून आपल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतले तारामासे मोजले. नखाएवढे, राखाडी, फुकटे. प्रवाळाच्या फुलांवर बसायचे आणि उठले की खाली पांढरा डाग. आधी तिने एकेकाला चिमट्यात धरून, कात्रीने दोन तुकडे करून परत पाण्यात टाकून पाहिलं होतं. महिन्याभरात दोन्ही तुकड्यांना नवे पाय फुटले आणि दोघंही कामाला लागले. स्वतःच्या हाताने शत्रू दुप्पट करणारी बाई म्हणून नवऱ्याने येईल त्या पाहुण्याला तिची ओळख करून दिली.

"आता मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "ज्याचं काम त्याने करावं."

तरीही २१४

दुकानातून बादलीत कोळंब्यांची जोडी आली. पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके, पंजे पानासारखे चपटे. तारामासा सोडून दुसरं काही तोंडात घेत नाहीत. दोघांनी मिळून पहिला उताणा केला आणि पायांपासून सुरुवात केली.

"तो धरून ठेवतो, ती जेवते," नवरा म्हणाला. "घरचंच वाटतंय."

"मग बादली तरी नीट धर. कलतेय."

६२

फुलं उघडली.

१९

हा आकडा वहीत लिहिताना तिचा हात थांबला. इतके दिवस आकडा घटला की ती खूश व्हायची. पण एकोणीस म्हणजे जोडीचं चार दिवसांचं जेवण. पुढे उपास, आणि मग दोघं टाकीच्या तळाशी आडवी. काम चोख केलं म्हणून मरायचं? हे तिला मुळीच पटेना.

जेवण कुठे आहे हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. प्रवाळाचा तो दगड थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, भावोजींनी दिलेला. तारामासे त्याच्यावर बसूनच आले होते.

० (भावोजींच्या मते)

चौथ्या दिवशी ती जोडीचा डबा घेऊन थोरल्या बहिणीकडे हजर.

"माझ्या टाकीत एकही नाही," भावोजी म्हणाले. ते भूगोल शिकवत. शाळेत असो की घरात, शंका विचारलेली त्यांना खपत नसे.

"बरं." तिने स्टूल ओढलं, भिंग लावलं. "एक. दोन. तीन. दगडामागे चौघं, एकाच घरचे दिसतात."

"चाळीसपर्यंत मीही मोजलेत," ताई आतून म्हणाली. "तुला सांगायची बंदी आहे."

 भावोजींनी काचेवर बोट ठेवलं. आत पंजाएवढा निळा तारामासा वाळूवरून संथ चालला होता. सहा वर्षं सांभाळलेला.

"याला पण खातील ना?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

म्हणजे लाज नव्हती ही. भीती होती. तिला जरा वाईट वाटलं, पण खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं.

"खातील. म्हणून तुमच्या निळ्याला मी नेते. माझ्याकडे आता त्याच्या वाटेला जाणारं कोणी नाही."

"तुझ्याकडे? त्या घड्याळांच्या पसाऱ्यात?"

"पसारा टेबलावर आहे, भावोजी. टाकीत नाही."

५७ आणि १

सत्तावन्न तारामाशांच्या पंगतीला जोडी बसली. एकटा निळा बादलीतून तिच्या घरी आला. त्याला पाण्याचा बदल एकदम सोसत नाही, म्हणून बारीक नळीने थेंब थेंब नवं पाणी सोडायचं, तीन तास. भावोजी बादलीशेजारून हलेनात.

"थेंब भराभर पडतायत."

"सेकंदकाट्यावर माझं पोट चालतं, भावोजी. थेंब माझ्यावर सोडा."

"किती दिवस राहील हा इथे?"

"तुमचे सत्तावन्न संपेपर्यंत. दोन आठवडे."

"आणि मग त्या दोघांचं काय?"

हाच प्रश्न ती केव्हाची त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. तिने वही उघडली.

"तुमच्या ओळखीत आणखी कोणकोण म्हणतं, माझ्या टाकीत एकही नाही?"

भावोजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दुसरा हातही पुढे घ्यावा लागला.