ताप पिणारी पेटी

धावजी नाईकाच्या तांड्यावर दिवेलागणीला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दिग्रसकडून बैलगाड्या आल्या होत्या, बोरी अरबची माणसं एका लॉरीत कोंबून आली होती. मांडवात कंदील विझवले, कुडाला चादरी लावल्या, आणि सगळी गर्दी एका लाल मखमलीच्या गाठोड्याकडे बघत राहिली.

"माँ जागी है," शीतलनाथ महाराज हळूच म्हणाले. "कान लगाके सुनो."

आणि खरंच ऐकू येई. गाठोड्यात एक पेटी होती. तिच्यातून डासासारखा बारीक सूर निघे आणि वर वर चढत जाई. मग मखमलीच्या भोकात मोहरीएवढा नारिंगी डोळा उघडे. महाराज हात उंचावत आणि पेटीच्या तोंडातून पांढराशुभ्र लखलखाट बाहेर पडे. तांड्यावरच्या बाया पुढे बसलेल्या. त्यांच्या ओढण्यांवर, काचळ्यांवर आरसेच आरसे. तो उजेड आरशाआरशांत फुटून कुडावर शेकडो ठिपके पळत सुटत. बाया कपाळ जमिनीला टेकवत म्हणत, "जोगण्या नाचून गेल्या, माय."

खरा चमत्कार त्याच्या पुढचा. तापकरी माणसाला ओढणीनं डोक्यापासून पायापर्यंत झाकून पेटीसमोर निजवायचं. आधी चारजणांनी पेटीला हात लावायचा. "ठंडी है ना? बोलो." थंड असे. मग सूर, डोळा, लखलखाट. पुन्हा सूर, डोळा, लखलखाट. बऱ्याच वेळानं महाराज थांबत. "अब हाथ लगाओ." लावणारा झटकन हात मागे घेई. पेटी तापलेली असे. "देखो, बुखार माँने पी लिया."

मी त्या तांड्यावरच्या शाळेत शिकवत होते. त्रेसष्टचा उन्हाळा होता. मी देवधर्म पाळणारी बाई आहे. रोज सकाळी लिंबाखालच्या मातामायच्या दगडावर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. म्हणजे मी काही तिथे थट्टा करायला गेले नव्हते. हात जोडूनच बसले होते.

मला पहिली किळस आली ती त्यांच्या लोट्याची. महाराजांचा चेला एका पंच्यानं आजाऱ्याच्या कपाळाचा घाम पुसे, त्याच पंच्यानं आपली मान पुसे, आणि त्याच पंच्यानं लोट्याचा काठ. लोट्यातलं तीर्थ आधी आजाऱ्याच्या तोंडाला लावायचं, उरलेलं घोटघोट सगळ्यांनी. तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी तो लोटा फिरवी आणि लोक ते उष्टं पाणी डोळ्यांना लावून पीत. लोटा माझ्यापुढे आला तेव्हा मी तो न पिता पुढे दिला. शेजारची सुखीबाई म्हणाली, "बाई, तुमचा उपास हाय काय?"

"हो," मी म्हटलं. त्या दिवशी खरंच सोमवार होता.

त्या रात्री ओढणीखाली जमनी होती. माझ्या दुसरीच्या वर्गातली, हिरासिंग आणि रुपीबाईची पोर. तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड होता. दिग्रसच्या दवाखान्यातली नर्स सत्यशीला येऊन कॅप्सूल देऊन गेली होती आणि पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही असं बजावून गेली होती. महाराजांनी कॅप्सूल बंद करायला लावल्या. दवा माँला जाळते म्हणे. वर प्रसाद म्हणून चणे आणि गूळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सत्यशीलाला घेऊन हिरासिंगच्या झोपडीत गेले. तिनं जमनीच्या काखेत थर्मामीटर ठेवला, काढला, उजेडाला धरला.

"एकशे तीन," ती म्हणाली. "हिराभाऊ, ताप तर हाय तसाच हाय."

"उरलेला हाय तो. बाबा म्हणते, आज उद्या सारा काढतो."

"मंग काल काय काढला?"

"मी माह्या हातानं पेटी पाह्यली, सिस्टरबाई. तव्यावानी झालती. ती गर्मी आली कुठून? तुमच्या गोळीनं काय तापलं कधी, सांगा."

हिरासिंग मूर्ख नव्हता. हातानं पाहिलेलं तो मानत होता.

तेवढ्यात उशाशी चण्याचा द्रोण दिसला आणि सत्यशीलाचा आवाज बदलला. "हे कोणी चारलं? या तापात आतडं भिजल्या कागदावानी झालं राहते. चणा टोचला तर फाटते. मंग मी नाई, नागपूरचा मोठा डॉक्टरही काही करू शकणार नाई."

हिरासिंगनं द्रोण उचलला, पण टाकला नाही. देवीचा प्रसाद होता. रुपीबाई पोरीचे तळपाय चोळत होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी तांब्याचा कलश भरून मांडवात गेले. कोणी एक म्हातारा ओढणीखाली होता. लखलखाट झाले, पेटी तापली, चेला घाईघाईनं सुपानं वारा घालू लागला. महाराजांनी मखमलीवरून हात फिरवून तो पटकन उचलला. त्यांनाही चटका बसला होता.

मी उठले. "महाराज, मायला फार ताप चढला. आमच्याकडे माय तापली की तिला पाण्यानं निववतात. मी रोज घालते. आज हिला घालू द्या."

बायांमध्ये कुजबुज झाली. बरोबरच होतं ते. त्या माउल्यांनी जन्मभर हेच केलं होतं. दोघीतिघी तर आपले तांबे शोधू लागल्या. मी कलश घेऊन दोन पावलं पुढे गेले, आणि महाराजांनी पेटी पोटाशी धरून मागे उडी मारली.

"ए, पाणी नको. हटव रे त्या बाईला, सारं जळून जाईन."

ते हिंदी विसरले होते. बोली थेट आमच्याच बाजूची निघाली. मग त्यांनी घसा साफ केला. "ये अग्निवाली माँ है. पानी से क्रोध होता है. बैठ जाओ, माई."

मी बसले. वाद घालणं मला जमत नाही. पण शेजारी रुपीबाई स्वतःशीच बोलावं तसं बोलली, "एवढा ताप पिते, तर पाणी काहून नाई पिवत?"

तिथून मी नागोरावकडे गेले. नागोराव म्हणजे दिग्रसचा फोटोग्राफर; तालुक्यातल्या निम्म्या लग्नांतले फोटो त्याचे. मी सूर सांगितला, नारिंगी डोळा सांगितला, लखलखाट सांगितला. तो आधी हसत होता, जमनीचं ऐकल्यावर थांबला.

"बाई, हे यंत्र मी नागपूरच्या स्टुडिओत पाह्यलं हाय. फोटो काढाचं. अजून आपल्या भागात कोणाजवळ नाई."

"मग ते तापतं कोणाच्या तापानं?"

"कोणाच्याच नाई. समोर नवरीचा मामा असो का भिंत असो, त्याले काय समजते?"

त्याच्या या वाक्यावर मी रात्रभर तळमळले. सकाळी रुपीबाईला म्हटलं, "रुपीबाई, ओढणीखाली जमनी नसली आणि पेटी तापली, तर?"

ती पाट्यावर मिरची वाटत होती. हात थांबला. तिनं पाट्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हिच्या बापाले सांगू नका. मी माह्या हातानं करतो."

दुपारी हिरासिंग नाईकाबरोबर मांडवात राबत होता. तेवढ्यात सत्यशीला जमनीला बैलांच्या दमणीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. इकडे रुपीबाईनं पाटा धुतला, गोधडीत गुंडाळला, डोक्याच्या जागी वरवंटा ठेवला आणि वरून आपली आरशांची ओढणी बांधली. पदराखाली ते ओझं उचलताना तिचा श्वास अडकला. "जमनी याच्यापेक्षा हलकी झाली, बाई," ती म्हणाली.

मांडवात तिनं ते पेटीपुढे ठेवलं. कोणी काही विचारलं नाही, म्हणून आम्ही कोणी खोटं बोललो नाही. हिरासिंग लांबून हात जोडून उभा होता. मी निरोप धाडून बोलावलेला नागोराव मागच्या गर्दीत होता.

महाराजांनी ओढणीवर नुसती नजर टाकली. "बच्ची का बदन अंगार है," ते म्हणाले. हातही लावला नाही. पेटी सगळ्यांना दाखवली, थंड होती. मग सुरू झालं. सूर, डोळा, लखलखाट. "बड़ा जिद्दी बुखार है. हड्डी में बैठा है. आजा, बाहर आजा." पाट्याच्या हाडातला ताप बाहेर येत होता. मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. हाच माणूस असाच डोळे मिटून, याच सुरात, परवा एका खऱ्या लेकराला मरणाकडे ढकलत होता.

शेवटी तो घामाघूम होऊन थांबला. हिरासिंगनं पुढे होऊन पेटीला हात लावला. हात भाजला. त्याचे डोळे भरून आले.

रुपीबाई म्हणाली, "महाराज, सारा निघाला?"

"सारा."

"माह्याच पोरीचा होता ना?"

"तेरी बच्ची का. अब वो बर्फ जैसी ठंडी है."

"ते खरं हाय," रुपीबाई म्हणाली, आणि तिनं ओढणी काढली.

पाट्याच्या खाचांत मिरचीचा लाल कण अजून दिसत होता. पेटीतला सूर तेवढा चालू होता. मग मागून एक म्हातारा खोकल्यासारखं हसला.

मला वाटलं, झालं. पण अंधश्रद्धा इतक्या स्वस्तात मरत नाही. महाराजांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "पत्थर में भी दोष होता है." आणि आमची सुखीबाई, चांगली शहाणीसुरती बाई, मान हलवून म्हणाली, "असंल बाप्पा. पाटा उन्हातच पडून राह्यतो हिचा."

हिरासिंगनं बायकोला विचारलं, "पोट्टी कुठं हाय?"

"दवाखान्यात."

"मले न विचारता?" त्याचा चेहरा काळवंडला. "आत्ताच्या आत्ता आणतो तिले."

तो वळला तसा नागोराव त्याच्या आडवा आला. "आण, हिराभाऊ. तुही पोरगी हाय. पण पाच मिनिटं थांब. तू हातानं पाह्यलेलं मानतो ना? मंग हातानंच पाह्य."

चेला पेटी उचलायला धावला. धावजी नाईकानं त्याचं मनगट धरलं. नागोरावनं मखमल सोडली. आत देवी नव्हती. आत एक करडी पेटी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला चकचकीत वाटीत बसवलेला काचेच्या नळीचा दिवा.

"पेटीत बॅटरी हाय," नागोराव सांगू लागला. "बॅटरीतली वीज गोळा होते तवा सूर निघते. गोळा झाली का हा बारका दिवा लागते, हाच देवीचा डोळा. बटन दाबलं का सारी वीज एका दमात नळीतून जाते, उजेड पडते. त्याच्यात नळी तापते, पेटीबी तापते. आमी फोटोवाले चार फोटो काढून थांबतो, निवू देतो. हा धडाधड पेटवते, वरून मखमल. उन्हाळ्यात तुमाले कांबळं पांघरवलं तर काय होईन?"

"अन् पाणी काहून नको?" रुपीबाईनं विचारलं.

"वीज हाय ना, माय. पाणी पडलं तर यंत्र बी जाईन अन् धरणारा बी."

त्यानं पेटी उघडी करून बाहेर लिंबाखाली ठेवली. सगळा जमाव भोवती उभा राहिला. मंत्र नाही, सूप नाही, नुसता वारा. हिरासिंग मधूनमधून हात लावून बघत होता. पेटी आपोआप निवत गेली, पार थंड झाली. तेव्हा नागोरावनं ती त्याच्या हातात दिली आणि समोरच्या मोकळ्या शेताकडे तोंड करून बटन दाखवलं.

हिरासिंगनं दाबलं. नांगरलेली ढेकळं क्षणभर पांढरी झाली. सूर चढला, डोळा लागला, त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. समोर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. तो दाबत राहिला, आणि मग त्यानं तळहात पेटीवर ठेवला. चटका बसूनही त्यानं तो लगेच काढला नाही.

"मी पोट्टीले चणे चारले," तो म्हणाला.

पेटी खाली ठेवून तो दिग्रसच्या वाटेला लागला. पोरीला आणायला नाही, तिच्याजवळ बसायला.

महाराजांना नाईकानं सकाळी पोलिसांच्या हवाली केलं. ढाणकीकडचा कुठलासा माणूस निघाला; जत्रेत फोटो काढायचा म्हणे. जमनी फार दिवस दवाखान्यात होती. केस गेले, अंगावर मूठभर मांस राहिलं नाही, पण वाचली. त्याच मांडवात लोट्याला तोंड लावलेल्या दोघांना पुढे तोच ताप आला. त्यातला बोरी अरबचा एक तरणा मुलगा गेला. त्याच्या आईला मी नंतर भेटले. ती मला म्हणाली, "आमी तर देवीचं तीर्थ म्हणून पेलो, बाई."

म्हणून हे लिहिते आहे. मी देवाला मानते, यापुढेही मानीन. पण देवाचं नाव घेऊन कोणी औषध बंद करायला सांगितलं, झाकलेलं उघडू नका म्हणालं, तर तिथे हात जोडू नका. आधी दगडावर करून दाखव म्हणा. ताप हातानं नका मोजू, पाऱ्यानं मोजा. विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो पोट भरायला आलेला माणूस, आणि त्याच्या कोपाची भीती बाळगून आपण आपली लेकरं त्याच्यापुढे निजवू नयेत.