सैल ठेवलेला नट

"बाबा, मी चालकांच्या मीटिंगला जाऊन येते. गाडीला हात लावू नका हं."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर धाक तरी घातला असता," असं म्हणून हसत हसत मुलगी निघून गेली.

माझी मुलगी बत्तीस वर्षांची. हॉस्पिटलात नर्स आहे, आणि रविवारी हातभर लांबीची रिमोटची बगी, म्हणजे खेळण्यातली मोटार, मातीच्या ट्रॅकवर पळवते. माणसाला कसला नाद लागेल, सांगता येत नाही. पण चार रविवार पात्रता फेऱ्या काढून ती पहिल्यांदाच अंतिम शर्यतीत पोचली होती. ड्यूट्या बदलून घेऊन, मैत्रिणींच्या हातापाया पडून.

गाडीची तयारी जावई करतात. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतात. टाचणीच्या डोक्याएवढे स्क्रू, तेही बोटांच्या टोकांनी. मी एकतीस वर्षं बस डेपोत फिटर होतो. मी आवळलेला नट दुसऱ्याला सुटायचा नाही. डेपोत मला 'पक्कड'च म्हणत. त्यामुळे जावयांच्या कामाला मी मनातून कधी काम मानलंच नाही. राहतो त्यांच्याच घरी, तरी.

महिनाभर दोघांचं एकच चाललं होतं, वळणावर बगीचं मागचं अंग फेकलं जातंय. मोटर ब्रशलेस, म्हणजे बोट दाबलं की सगळा जोर एकदम चाकांवर. जावयांनी मागच्या शॉकअपमधलं तेल बदललं, गाडी मिलिमीटरभर खाली बसवली, चाकांचा कल बदलला. एक बदल करायचा, पाच फेऱ्या मारायच्या, वहीत लिहायचं. मी लांबून म्हणायचो, "जावईबापू, गाडी दुरुस्त करताय की प्रबंध लिहिताय?" ते नुसते हसायचे.

तर अंतिम शर्यतीच्या दिवशी, ट्रॅकवर, मुलगी मीटिंगला गेली, जावई टायर आणायला गेले, आणि टेबलापाशी मी एकटा. बगीचं वरचं कवच काढून ठेवलेलं. मोटरच्या शेजारी प्लॅस्टिकचा गिअर, त्याच्यापुढे एक स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर नट. तो नट सैल होता. नुसत्या बोटानं फिरत होता!

म्हटलं, शाब्बास! महिनाभर तेल बदलताहेत, आणि मूळ नटच ढिला! मी पाना उचलला आणि आवळला. स्प्रिंग दबून चपटी झाली. शेवटचा पाव फेरा मनगट वळवून दिला, डेपोत द्यायचो तसा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शर्यत जिंकली की मगच सांगायचं असं ठरवलं आणि पाना होता तिथे ठेवून दिला.

मुलगी रिमोट घेऊन चालकांच्या मचाणावर चढली. पहिल्याच वळणावर बगी अशी फेकली गेली की तोंड उलटं करून उभी राहिली. मुलीनं सावरली. दुसऱ्या फेरीत मोठ्या उडीवरून बगी हवेत गेली, खाली आदळली, आणि कर्रर्र! मोटर नुसती बोंबलत होती, चाकं जागच्या जागी. बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून निघून गेल्या.

मुलगी खाली आली. तिचा चेहरा बघून माझा पारा चढला. टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती, पण मी कसला थांबतोय!

"मी कधीचा सांगतोय! यंत्राची कामं नाजूक बोटांनी होत नसतात. तुम्ही आपले चष्मेच पुसा, जावईबापू! पोरीच्या मेहनतीची माती केलीत!"

जावयांनी कवच काढलं. गिअरचे दाते साफ झिजले होते. त्यांनी नटाला पाना लावला. नट हलेना. पुन्हा लावला, तरी हलेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका दांडग्या गड्यानं जोर लावून तो सोडवला.

"अहो, हा एवढा कोण आवळतं?" तो म्हणाला. "हा सैलच ठेवायचा असतो. उडीनंतर झटका बसला की इथला क्लच घसरतो, म्हणून गिअर वाचतो. वळणावर जोरही हळू येतो."

जावयांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांना काळं लागलेलं होतं. मी हात पाठीमागे नेले. मग ते मुलीला म्हणाले, "माझ्याकडून आवळला गेला. गडबडीत."

"गडबडीत? अरे, वहीत लिहिलंय ना किती ठेवायचा ते? तूच लिहिलंयस!" तिचा आवाज चिरकला. "चार रविवार घालवले रे मी. चार!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य तर होतं. पण मी हात पाठीमागेच ठेवून उभा राहिलो. आणि सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. वाचलो, असं वाटलं.

तीन दिवस मुलगी जावयांशी कामापुरतं बोलत होती. मला मात्र "बाबा, अजून थोडं घ्या ना" चाललेलं.

चौथ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथे मालक होता, दोन गिऱ्हाइकं होती. चारचौघांत बोललो होतो, तर कबूलही चारचौघांतच करायचं.

"जावईबापू, तो नट मी आवळला. तुम्हाला ठाऊक आहे ते. वर तुम्हालाच नाही नाही ते बोललो. चुकलो मी."

गिऱ्हाइकं बघतच राहिली. जावई काउंटरमागून बाहेर आले, मला स्टुलावर बसवलं.

"हळू, बाबा. तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग नकाच सांगू."

"का?"

"ती सगळ्यांना सांगते, मला सायकल उघडायला बाबांनी शिकवलं. बाबांचा हात लागला की वस्तू बिघडत नाही, म्हणते. तेवढं राहू द्या तिला. माझ्यावरचा राग काय, जाईल चार दिवसांत."

शिवी हासडली असती तर परवडलं असतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला मी दहा माणसांत चष्मे पुसायला सांगितलं होतं.

संध्याकाळी मुलगी ड्यूटीवरून आली. ती चपला काढत असतानाच मी सांगून टाकलं. ती हातपाय धुऊन येईपर्यंत थांबलो असतो तर धीर सुटला असता. ती वाकली होती, तशीच राहिली.

"बाबा, मी त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

नट आवळण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून दोघांचे आवाज आले, तिचा रडका, त्यांचा समजावणीचा. त्यांचं मिटलं. माझ्याशीही ती चांगली वागते. गोळ्या वेळेवर देते, पायांना मलम लावून देते.

परवा तिच्या कपाटाचं बिजागर निखळलं. घरात माझी अवजारांची पेटी आहे. मी आहे. तिनं फोन करून सुतार बोलावला आणि ड्यूटीवर निघून गेली.

सुतार आला तेव्हा मी पेपर उघडून बसलो होतो. तो एकटाच होता. कपाटाचं दार एका बाजूनं लोंबत होतं.

"काका, जरा धरता का?" तो म्हणाला.

मी उठलो आणि दोन्ही हातांनी दार धरून उभा राहिलो. स्क्रू त्यानं आवळले.