खुशालीचं बटण

ऑफिसात एक म्हण होती आणि ती मावशीच्या जिवावर तयार झाली होती: मावशीला जमलं की जगाला जमलं. मावशी तिथे लादी पुसायची, चहा करायची, कप विसळायची, आणि या कामांच्या मधल्या फटीत कुणीतरी हाक मारायचं, "मावशी, जरा या, हे दाबून बघा." मग ती निळ्या एप्रनला हात पुसल्यासारखं करून, म्हणजे न पुसताच, फोन घ्यायची आणि अंगठा टेकवायची. चौथीपर्यंतची शाळा; एकेक अक्षर लावत वाचायची, पण वाचायची. ती जिथे अडे तिथे बटण मोठं व्हायचं, आणि कुणीतरी काचेवरचं पाणी टिपत म्हणायचं, "हात कोरडे करत जा हो आधी."

"माझे हात कोरडे झाले तर तुमचे कप कोण विसळणार, तुमचा सासरा?"

ते लोक ॲपं बनवायचे. ॲपला पुढची बाजू असते आणि मागची असते, हे मावशीला चष्मेवालीने समजावलं होतं. चष्मेवाली पुढची बाजू करायची. स्क्रीनवर जे दिसतं आणि जे दाबता येतं ते सगळं ती जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहायची. मागची बाजू, म्हणजे सर्व्हर, दाढीवाल्याकडे होती, आतल्या खोलीत, दार लावून.

"पुढे म्हणजे खिडकी, मावशी. तुम्ही खिडकीत चिठ्ठी टाकता. मागे स्वयंपाकघर. तिथून ताट येतं."

"आणि मागे कुणी नसलं तर?"

"मग आम्ही खिडकीतच खोटं ताट मांडून ठेवतो. मागचं तयार होईपर्यंत दिसायला नको का काहीतरी?"

"म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचं चित्र," मावशी म्हणाली, आणि बादली उचलून गेली.

त्या वर्षी त्यांनी एका शुश्रूषागृहाचं काम घेतलं. आतल्या माणसाचं कसं काय चाललंय ते बाहेरच्या नातेवाइकाला फोनवर कळावं, एवढंच काम. त्याच शुश्रूषागृहात मावशीची धाकटी बहीण दोन वर्षं पडून होती. तिची एक बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. मावशीशिवाय तिला कुणी नव्हतं, आणि मावशीलाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं. दर रविवारी मावशी दोन बसा बदलून जायची, तासभर स्टुलावर बसायची आणि परत यायची. धाकटी तिच्याकडे बघायची की भिंतीकडे, ते कळत नसे. मावशीला तिथे रडू येत नसे, आणि राग यावा असंही काही नसे. जायचं असतं म्हणून ती जायची.

दाढीवाल्याची मागची बाजू रखडली होती. चष्मेवालीला खोटं ताट मांडायचं होतं. तिने विचारलं, "मावशी, तुमची बहीण दिवसभर काय करते? तीन ओळी सांगा."

"काय करणार? दूध पिते. डाव्या कुशीवर निजते. खिडकीकडे बघते. संपलं आयुष्य."

चष्मेवालीने पहिल्या तीन ओळी घेतल्या आणि चौथी सोडली. ॲप मावशीच्या फोनवर चढवलं. वर धाकटीचा फोटो, खाली मोठं हिरवं बटण आणि त्यावर लिहिलेलं: खुशाली. दाबलं की आधी एक चकती गरगर फिरायची, मग तिन्हीतली एक ओळ उमटायची.

पुढे मागची बाजू झाली, दोन्ही जोडल्या गेल्या, शुश्रूषागृहाने ॲप सुरू केलं, सगळ्यांनी केक कापला आणि फरशीवर पडलेलं क्रीम मावशीने पुसलं. मावशीचं आपलं चालूच होतं. रोज अकराचा चहा वाटून झाला की मोरीपाशी आपल्या स्टुलावर बसायचं, ओल्या अंगठ्याने बटण दाबायचं. दूध प्यायली. ठीक. खिडकीकडे बघते आहे. बघू दे. पंधरा मिनिटं ती तशीच बसून राहायची, फोन मांडीवर, कुणी हाक मारली तर ऐकू जायचं नाही. "मावशींची समाधी लागली," पोरं म्हणायची.

पहिल्या रविवारी तिचे पाय दुखत होते, म्हणून ती गेली नाही. दुसऱ्या रविवारी पाय दुखत नव्हते, तरी गेली नाही. रोज कळतंय तर दोन बसा कशाला बदलायच्या? असे सात रविवार गेले. मनाला टोचेल असं तिला वाटलं होतं, पण टोचलं नाही.

आठव्या आठवड्यात, मंगळवारी, ओळ आली: मोठीची वाट बघते आहे.

मावशीने ती दोनदा लावून वाचली. मोठी म्हणजे ती. पण तिला मोठी म्हणणारं जगात एकच तोंड होतं, आणि ते दोन वर्षं बंद होतं. वाचा आली की काय? ती उठली आणि फोन घेऊन चष्मेवालीकडे गेली. "तिथल्या आया काय लिहितात बघ गं. ही बोलायला लागली का?"

चष्मेवालीने फोन घेतला, सवयीने काच पुसली, इकडेतिकडे दाबलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, तुमच्याकडे जुनंच ॲप आहे. मी बदलून द्यायला विसरले. खोट्या उत्तरांचा खटका चालूच राहिलाय यात."

"म्हणजे?"

"म्हणजे हे कुठेच जोडलेलं नाही. तुम्ही इतके दिवस त्या तीन ओळीच बघताय."

"ही चौथी आहे."

चष्मेवालीने स्वतः बटण दाबलं. डाव्या कुशीवर निजली आहे. पुन्हा दाबलं. दूध प्यायली. दहा-बारा वेळा दाबलं. त्याच तीन ओळी आलटून पालटून. तिने आपला संगणक उघडून लिहिलेलं तपासलं. तिथेही तीनच.

दाढीवाल्याला बाहेर बोलावलं. आल्या आल्या तो म्हणाला, "माझ्याकडे काही गडबड नाही," कारण विचारायच्या आधी हेच म्हणायचं, ही दोन्ही बाजूंची रीत होती. मग त्याने सर्व्हरवरच्या नोंदी बघितल्या. "या फोनवरून माझ्याकडे एकही मागणी आलेली नाही. आजवर कधीच नाही. मावशी, तुमच्या बटणाच्या मागे कुणीच नाही."

"मग मी रोज अकराला काय पाठवत होते?"

"काही नाही."

चष्मेवालीला वाईट वाटत होतं. तिने आपल्या फोनवरचं खरं ॲप उघडलं, धाकटीचं नाव घातलं. चकती फिरली. दूध प्यायली.

"हे खरं," ती म्हणाली. "बघा, बऱ्या आहेत."

"हे तिथे कुणी बघून लिहितं?"

"आया यादीतून निवडतात," दाढीवाला म्हणाला. "त्यांना टाइप करायचा कंटाळा. सगळ्या पेशंटना तीच यादी दिली आहे."

"यादी कुणाची?"

तो चष्मेवालीकडे बघायला लागला आणि चष्मेवाली जमिनीकडे.

"बोल की. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस?"

"तुमचीच," तो म्हणाला. "त्या तीन ओळी त्यांना आवडल्या. छोट्या होत्या."

म्हणजे शुश्रूषागृहातली झाडून सगळी माणसं सात आठवडे डाव्या कुशीवर निजत होती. आणि धाकटी जगली की मेली, हे त्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं, मावशीलाही नाही. चष्मेवाली म्हणाली, "द्या, नवीन घालून देते." मावशीने फोन एप्रनच्या खिशात टाकला. "राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी येणार नाही. चहा तुमचा तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये बसली तेव्हा एप्रन घरी होता आणि हात कोरडे होते. धाकटी गेली असेल तर काय करायचं, याचा विचार तिने करून बघितला, पण तो विचार पुढे सरकेना. पाय बधिर झाला की त्याला चिमटा काढावा आणि काही लागू नये, तसं तिचं झालं होतं. अकराला दहा मिनिटं कमी असताना ती शुश्रूषागृहाच्या दारात पोचली.

टेबलाशी बसलेली आया तिला बघून म्हणाली, "ताई, आज लवकर?"

"आहे ना ती?"

"अहो, जाणार कुठे? काल बघितलीत तशीच आहे."

"काल मी आले नव्हते. सात आठवडे मी आलेली नाही."

आया हसली. "बरं, नाही आलात. मग माझं रजिस्टर रोज भिजवतं कोण?" तिने रजिस्टर मावशीकडे फिरवलं. "अकराच्या ठोक्याला येता, ओल्या हातांनी सही करता, पंधरा मिनिटं बसता, जाता. शब्द म्हणून नाही. मी सगळ्यांना सांगते, बहीण असावी तर अशी. आज तेवढे हात कोरडे आहेत तुमचे, देव पावला."

मावशीने पानं उलटली. रोजची एक नोंद, अकराची. शिरोरेघ न देता एकेक सुटं काढलेलं तिचंच अक्षर. शाळा सुटली तेव्हा रेघ द्यायचं राहून गेलं ते कायमचंच. प्रत्येक सहीशेजारी कागद भिजून वाळलेला, फुगलेला, अंगठ्याएवढा. तिने त्या फुगवट्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. मग आजच्या तारखेसमोर सही न करताच ती आत गेली.

धाकटी जिवंत होती. उशांना टेकवून बसवलेली, केस विंचरलेले. पलंगाच्या उजव्या अंगाला स्टूल होतं. मावशी त्यावर बसली. "मी आले गं," ती म्हणाली. धाकटीने तिच्याकडे बघितलं, बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या बाईकडे बघावं तसं, आणि नजर काढून घेतली. मावशीने तिचा चांगला हात हातात घेतला. धाकटीने तो हळूच सोडवला, पांघरुणावर कोरडा केल्यासारखा घासला, आणि त्याच हाताने स्टुलाची कड दोनदा थोपटली. आया थोपटतात तशी, उठा म्हणून.

भिंतीवर अकरा वाजले. मावशीने सवयीने पिशवीतून फोन काढला आणि अंगठ्याने बटण दाबलं. चकती फिरायला लागली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिली. बाहेर टेबलाशी रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि आया कुणाला तरी म्हणाली, "अगंबाई."

धाकटीने मान दाराकडे वळवली. दोन वर्षांत न हललेला तिचा ओठाचा कोपरा हलला, वर गेला, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

मावशीने दाराकडे बघितलं नाही. तिने फोनकडे बघितलं. चकती थांबली होती. मोठी आली.

मावशी उठली आणि तिने स्टूल मोकळं करून दिलं.