बिनआवाजाचा कॉम्प्युटर

लेकीच्या घरच्या स्टुडिओसाठी कॉम्प्युटर घ्यायला अण्णा तिच्याबरोबर गेले आणि दुकानात शिरताच म्हणाले, "बिनआवाजाचा द्या."

दुकानदार चक्रावला. "काका, गाणी करायची आहेत ना? मग आवाज नको कसा?"

"पंख्याचा आवाज नको म्हणतायत ते," लेक हसत म्हणाली. "माइकमध्ये घरघर येते."

दुकानदाराने मोठ्या, संथ पंख्याचा कॉम्प्युटर काढून दाखवला. अण्णांचं चित्त मात्र पिशवीतल्या जुन्या हार्ड डिस्कवर होतं. बायको गेली, तिची गाणी तेवढी त्या डिस्कमध्ये उरली होती, आणि जुना कॉम्प्युटर आता सुरूच होत नव्हता.

"ही याला चालेल?" त्यांनी चाचरत विचारलं.

दुकानदाराने डिस्क जोडून तिच्यातलं एक गाणं लावलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्पीकरमधून घरघर आली आणि तिच्यामागून ओळखीचा वैतागलेला आवाज, "अहो, तो डबा आधी बंद करा, मग गाते."

"अगं, डबा बंद केला तर गाणं भरू कशात?" अण्णा पुटपुटले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"हाच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "आता तिची तक्रार राहायची नाही."