मनुबाईचा उंबरा

"आवं, उंबऱ्यावर बसू ने. जरा अलीकडं सरका की," मनुबाई म्हणाली आणि हळदीनं माखलेला हात तिनं नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला.

बिराप्पानं खाली वाकून पाहिलं. ज्यावर तो बसला होता ती मोडक्या हातगाडीची फळी होती. सकाळपर्यंत ती चुलीत जायची होती.

"ह्येला उंबरा म्हंत्यात व्हय? आन दार कुटं हाय?"

"दार मागनं येतंय. आदी उंबरा तर हुंदे."

बिराप्पा गुडघा धरून सरकला. मनुबाईनं फळी दोन खांबांच्या मधे नीट बसवली, हळदीनं पिवळीधमक केली, वर कुंकवाची पाच बोटं ओढली. हळदीला तोटा नव्हता. ती व्यापाऱ्याच्या गोदामात हळद निवडायला जायची आणि झाडलोट करताना उरलेला चुरा पदरात बांधून आणायची. जतकडं त्यांची मेंढरं पाण्यावाचून गेली तेव्हा नवरा-बायको या गावात आली आणि आठवडी बाजाराच्या शेडखाली राहिली. वर पत्रा होता, खांब होते. भिंती म्हणून जुनी लुगडी. बाजाराच्या दिवशी लुगडी गुंडाळून कडेला व्हायचं आणि भाजीवाले उठले की पुन्हा संसार मांडायचा. अशी आणखी आठ बिऱ्हाडं तिथं होती.

आता नगरपालिकेची निवडणूक लागली होती आणि गावात एकच बोलवा होती, की शेड पाडून तिथं गाळे काढणार. नगराध्यक्षपदाचे उमेदवार गल्लोगल्ली फिरत होते. दारोदारी बाया त्यांना ओवाळत होत्या. शेडकडं मात्र कुणी फिरकत नव्हतं. मनुबाईनं एका कार्यकर्त्याला अडवून विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, थांबायचं कुटं? दारच न्हाई तुमाला."

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. दार नाही म्हणून थांबत नाहीत काय, मग दार करू, असं म्हणून ती कामाला लागली होती.

चौकात हलगी घुमली. शेजारची रेश्मा कडेवरचं पोर सावरत पळत आली. "मावशे, आलं. उदयसिंहदादा आलं. ताट कुटाय?"

ताट वाण्याच्या घरून मागून आणलेलं होतं, निरांजन देवळातलं होतं. सगळी शेड फळीच्या आत गोळा झाली. उदयसिंह म्हणजे उसाचा मोठा बागायतदार. फेटा, पांढरेशुभ्र कपडे, मागं शंभरेक माणसं. पिवळा उंबरा आणि पेटलेलं निरांजन पाहून त्याचे पाय आपोआप थांबले. ओवाळणाऱ्या बाईला चुकवून पुढं जाणं आपल्याकडं कुणाला जमत नाही.

मनुबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट तसंच पुढं धरून ठेवलं. ओवाळणी पडल्याशिवाय ताट मागं घ्यायचं नसतं. उदयसिंहाचा हात सवयीनं खिशात गेला.

"दादा, आचारसंहिता," मागून कुणीतरी कुजबुजलं.

हात तसाच खिशात राहिला. मनुबाई म्हणाली, "पैकं नकोत दादा. एक शबुद टाका ताटात. ही शेड पाडणार म्हंत्यात. मग आमी जायचं कुटं?"

उदयसिंहाचा चेहरा खुलला. त्यानं माईक मागवला आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "निवडून आलो की शेडमधल्या एकेका बिऱ्हाडाला दोन-दोन खोल्या देणार. नळ घरात, संडास घरात. हा माझा शब्द."

हलगीवाल्यांनी कडकडाट केला. रेश्माचं पोर टाळ्या पिटायला लागलं. शेडमधे त्या दिवशी सणच झाला. बाजारात तुरी म्हणतात तशी गत, संध्याकाळपर्यंत खोल्यांवरून भांडणंही झाली. रेश्माला कडेची खोली हवी होती, बिराप्पाला सकाळचं ऊन येणारी. मनुबाईची चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची हेही ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी गुणमाला आली. तीही नगराध्यक्षपदालाच उभी होती. तिचं पेठेत धान्याचं दुकान होतं. बरोबर चार बाया, ना माईक ना हलगी. उंबरा बघून ती चप्पल काढून उभी राहिली. मनुबाईनं तिलाही ओवाळलं. ओवाळलं म्हणजे मत दिलं असं थोडंच असतं. ताट पुढं धरून तोच प्रश्न विचारला.

गुणमालेनं ताटाच्या कडेला हात लावला. मग म्हणाली, "मावशी, दोन खोल्या देते असं मी म्हणत नाही. ही जागा बाजाराची आहे, सभेत ठराव झाल्याशिवाय एक वीट लागणार नाही. पण दुसरी सोय झाल्याबिगर शेड पाडू देणार नाही. आणि तुमचा निर्णय ज्या सभेत होईल, तिथं तुम्हाला बसवीन. आत्ता ह्या सभा दार लावून होतात, ते आधी बंद करायचंय. निवडून आले तरी, पडले तरी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी इथं येते."

ती गेल्यावर रेश्मानं तोंड वाकडं केलं. "ह्या बाईचं काय खरं न्हाई. एक खोली तरी म्हणायची हुती."

"खरं बोलतीया म्हून कमी बोलतीया," बिराप्पा म्हणाला. पण मेंढपाळाचं कोण ऐकतो.

मतदानाच्या दिवशी मनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. मशीनसमोर तिचं बोट अडखळलं. गुणमालेचा चेहरा डोळ्यांपुढं आला, मग चुलीचा कोपरा आला. साऱ्या जन्मात स्वतःची भिंत न पाहिलेल्या बाईनं काय करावं? तिनं दोन खोल्यांचं बटण दाबलं.

उदयसिंह निवडून आला. निकालाच्या दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा नुसता दंगा उसळला होता. हलग्या, फटाके, आणि पुढं हार घातलेला जेसीबी. त्याचं लोखंडी बकेट गुलालानं भरून वर जायचं आणि लोकांवर उपडं व्हायचं. शेडमधली सगळी माणसं उंबऱ्यामागं उभी होती. मनुबाईनं निरांजन लावून ठेवलं होतं. आता थांबणार, दादा उतरणार, असं तिला पक्कं वाटत होतं.

दादा ट्रकवर होते, हात हलवत होते, पण दुसऱ्या बाजूला. वळणावर गर्दी वाढली आणि जेसीबीचं मागचं चाक कडेला आलं. फळी कडाडली. गुलालाच्या धुरळ्यात निरांजन विझलं आणि मिरवणूक पुढच्या चौकात गेली. चालवणाऱ्याला तर खाली काय आलं हे कळलंसुद्धा नसेल. मनुबाई दोन तुकड्यांकडं बघत राहिली. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पाडायला येईल तेव्हा हेच मशीन येणार होतं.

सकाळी ती फळीचे तुकडे सुतळीनं बांधत होती तेवढ्यात समोर सावली पडली. गुणमाला उभी होती, एकटी. चप्पल काढत होती.

मनुबाईला मान वर करवेना. "बाई, म्या मत..."

"राहू दे मावशी. ते विचारायला नाही आले. दोन खोल्या म्हणालेत ना उदयसिंहराव? साऱ्या गावासमोर म्हणालेत. आज पहिलाच दिवस आहे, अजून विसरले नसतील. चला, सगळी मिळून मागायला जाऊ."

बिराप्पा काठी टेकत उठला. रेश्मा पोराचं तोंड पुसायला लागली. बघता बघता शेडमधली सगळी बिऱ्हाडं केस विंचरून तयार झाली. कालच्या हलगीपेक्षा आजच्या गडबडीत जास्त जीव होता.

मनुबाईनं ताट घेतलं.

"पडलेल्याला ओवाळत नाहीत, मावशी," गुणमाला हसून म्हणाली.

"दारात आल्याला ओवाळत्यात."

तिनं कुंकू लावलं, ओवाळलं आणि या खेपेस ताट पुढं न धरता लगेच खाली ठेवलं. पदर खोचला, सुतळीनं बांधलेला उंबरा उजव्या पायानं ओलांडला. चार पावलं गेल्यावर तिला काहीतरी आठवलं आणि ती मागं वळली.

"आवं, तुमचा गुडघा दुकतोय, तुमी ऱ्हावा. दाराकडं ध्यान ठिवा."

बिराप्पानं एकदा उघड्या शेडकडं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवावी तशी खांबाला टेकवली आणि तो उंबऱ्याला पाय न लावता, शेजारी, राखणीला बसला.