अबिगेलचं बायबल

माळ्यावरची लाकडी पेटी मिस एडना तिसऱ्यांदा उपसत होती आणि सुचित्रा नुसती बघत उभी होती. पेटीत काय नाही, ते तिलाच तर ठाऊक होतं!

१९८४ साल. अमेरिकेत आयोवातल्या या गावात येऊन तिला आणि तिच्या डॉक्टर नवऱ्याला, गुरुदत्तला, जेमतेम वर्ष झालं होतं. गावाला दुसरा डॉक्टर नाही, म्हणून लोकांनी गुरुदत्तला अगदी डोक्यावर घेतलं. एडनाच्या भावानं आपलं शंभर वर्षांचं घरही त्याला विकलं, माळ्यावरच्या अडगळीसकट. तो भाऊ गेल्या महिन्यात वारला, आणि एक्क्याऐंशी वर्षांची त्याची खमकी बहीण आजीचं बायबल शोधायला धाडधाड जिना चढून वर आली.

आजी म्हणजे अबिगेल. ओहायोहून बैलगाडीनं आलेली, ओंडक्यांच्या घरात राहून नवऱ्याबरोबर ही जमीन नांगरलेली बाई. १८६३च्या हिवाळ्यात तिची चार मुलं एका आठवड्यात घटसर्पानं गेली. वाचला तो एक तान्हा, एडनाचा बाप.

"चौघं मागच्या टेकडीवर आहेत. वर साधा धोंडाही नाही," एडना म्हणाली. "पपांनी त्यांची नावं कधी उच्चारली नाहीत. ती फक्त बायबलच्या पहिल्या पानावर आहेत, आजीच्या हातची. ते पान मी कधी पाहिलं नाही, पपा उघडूच देत नसत. शनिवारी दगड कोरणारा येतोय. माझ्यामागं कोणी नाही, बाई. मी गेले की ती मुलं कुणाचीच नाहीत."

सुचित्राला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

झालं होतं असं, की दिवाळीच्या साफसफाईत तिला ते बायबल सापडलं. उंदरांनी कुरतडलेलं, बुरशी चढलेलं, पान उलटलं की भुगा. आता पोथी ती पोथी, मग कुणाच्याही देवाची असो. कचऱ्याच्या पिशवीत कोंबायची? हात झडतील! तिच्या आईनं केलं असतं तेच तिनं केलं. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले आणि गावाबाहेरच्या नदीत पोथीचं विसर्जन केलं. वर घरी येऊन समाधानानं चहा घेतला. कर्म तिचं!

"सुचित्रा," गुरुदत्त हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत म्हणाला, जणू हवापाण्याच्या गप्पा, "अवाक्षर काढू नकोस. पेटी रिकामीच होती, असं मी सांगतो. बायबल नदीत फेकलं म्हटलं तर उद्यापासून एक पेशंट फिरकायचा नाही."

"अहो, फेकलं नाही, विसर्जन केलं!"

"हे गावाला चर्चमध्ये उभी राहून समजावणार आहेस?"

"डॉक्टर काय म्हणतायत?" एडनानं मान वर केली. धुळीनं माखलेले हात तिनं मांडीवर ठेवले होते.

त्या हातांकडे पाहून सुचित्राला राहवेना. नवऱ्यानं दंडाला काढलेला चिमटा तिला जाणवलासुद्धा नाही. "बायबल इथंच होतं. मी नदीत सोडलं," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं इंग्रजीत, अडखळत, रडत सांगून टाकलं. हळदकुंकू, फूल, सगळं.

एडनाचा चेहरा पांढराफटक पडला. गुरुदत्त माफी मागू लागला, तशी तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

"ते पहिलं पान. तू वाचलंस?"

"हो."

"सांग मग."

सुचित्रानं डोळे मिटले. चार ओळी, उडालेली तपकिरी शाई. किती ताण दिला तरी तीन नावं हाती येईनात. स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं तिला. चौथी ओळ मात्र अक्षरन् अक्षर आठवत होती, कारण ती वाचूनच तिनं पुस्तक कपाळाला लावलं होतं.

"लविनिया. वय चार. शेवटी गेली. पाव मागत होती, घरात पीठ नव्हतं."

मग एडनानं पेटीचा कोपरा धरून स्वतःला उभं केलं. गुरुदत्तनं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही.

"शनिवारी सकाळी नऊला टेकडीवर ये," ती सुचित्राला म्हणाली. "मी तुला माफ केलेलं नाही, आणि बहुतेक करणारही नाही. पण त्या मुलांबद्दल आजीनं लिहिलेलं वाचलेलं माणूस आता जगात तू एकटीच उरलीस. दगडावर काय कोरायचं, ते तूच सांगायचंस."